होस्टेलचं गेट किती वाजता लागतं?

बारावीचा निकाल लागला की माझ्या ओसरीवर पोरांची ये-जा वाढते. मी निवृत्त मास्तर. भोरला इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं. फॉर्म आता ऑनलाइन भरायचे असतात, ते काम चौकातला सायबर कॅफेवाला करतो. पण कुठला दाखला कुठे लागतो, कुठल्या कोर्सचा पुढे काय उपयोग, हे विचारायला अजून मास्तरच लागतो.

यंदा वेल्ह्याकडची, तोरण्याच्या पलीकडच्या एका वाडीतली दोन चुलत भावंडं आली. (२०२४ साली सरकारने वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचं ठरवलं, पण आमच्या तोंडात अजून वेल्हेच आहे.) एक मुलगी, एक मुलगा. दोघांनाही नर्सिंगला जायचं होतं. बरोबर मुलीचे वडील होते, दोघंही त्यांना नाना म्हणतात. नाना टेकले, पाणी प्यायले आणि पहिला प्रश्न मुलीविषयी विचारला, "सर, होस्टेल हाये ना तिथं? गेट किती वाजता लावत्यात?" मग पुतण्याकडे बघून हसत म्हणाले, "आणि ह्यो बघा. ह्यो सिस्टर व्हणार!"

मुलगा खाली बघत राहिला. मुलगी बघत होती माझ्याकडे. कोर्स एकच, कॉलेजही कदाचित एकच. तिच्याबाबत प्रश्न रात्रीच्या गेटचा, आणि त्याच्याबाबत प्रश्नच नाही, नुसता विनोद. हे दोन्ही आलं कुठून, हे ती मंडळी गेल्यावर बराच वेळ डोक्यात घोळत राहिलं. इतिहासाच्या मास्तराला दुसरं काय सुचणार!

सुरुवात एका गमतीने करतो. मुलाच्या हातात प्रवेश परीक्षेचं पुस्तक होतं, त्यात 'भोर समिती' असा एक धडा. त्याने विचारलं, "सर, ही आपल्या भोरची का?" नाही. सर जोसेफ भोर हे सनदी अधिकारी. जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्यात बिशप्स स्कूल आणि डेक्कन कॉलेजात. आमच्या गावाशी नातं फक्त नावापुरतं. पण त्यांच्या समितीने १९४६ साली देशाच्या आरोग्याचा जो अहवाल दिला, त्यातले आकडे आमच्या गावाने पाठ करावेत असे आहेत. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा नर्सेस होत्या सुमारे ७,०००. म्हणजे ४३,००० माणसांमागे एक! डॉक्टरांचं प्रमाण ६,३०० माणसांमागे एक होतं. वेल्हे तालुक्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत सुमारे ५४ हजार होती. भोर समितीच्या काळचा हिशेब लावला तर एवढ्या साऱ्या डोंगरदऱ्यांच्या वाट्याला सव्वा नर्स येते. आणि डॉक्टर आठ-नऊ.

डॉक्टरांपेक्षा नर्सेस इतक्या कमी कशा? काम तर त्यांचंच जास्त. याचं उत्तर मला असं वाटतं की नर्स कोणी व्हायचं हे आधी ठरून गेलं होतं, आणि जिने व्हायचं तिला घराबाहेर पडायची मोकळीक नव्हती.

पण हे नेहमीच ठरलेलं नव्हतं. चरकसंहितेत उपचाराचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, रोगी आणि उपस्थाता, म्हणजे शुश्रूषा करणारा. त्याचे गुणही दिले आहेत. शुश्रूषेची माहिती, कामातली हुशारी, रोग्याविषयी माया आणि स्वच्छता. हा उपस्थाता व्याकरणाने पुल्लिंगी आहे. तिकडे लष्करी इस्पितळांतही कित्येक वर्षं जखमींची उठबस पुरुषच करत. हिंदुस्थानातल्या फौजेच्या इस्पितळांसाठी विलायतेहून शिकलेल्या दहा नर्सेस मुंबईला उतरल्या त्या १८८८ साली. तोवर तिथलं हे काम शिपाई आणि नोकर यांच्यावरच असे.

बदल झाला तो फ्लॉरेन्स नाइटिंगेलमुळे. क्रिमियाच्या युद्धावरून परतल्यावर १८६० साली तिने लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळात नर्सिंगची शाळा काढली. ती हिंदुस्थानात कधी आली नाही, पण इथल्या गावांच्या स्वच्छतेवर तिने आयुष्यभर लिहिलं, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहार होता. त्या काळच्या इंग्लंडमध्ये नर्स म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दारू पिणारी, रोग्याकडे दुर्लक्ष करणारी बाई येई. डिकन्सने आपल्या एका कादंबरीत अशीच एक नर्स रंगवली आहे. ही बदनामी पुसायची तर काय करावं? नाइटिंगेलने शिक्षणाला शिस्तीची जोड दिली. फक्त मुली घ्यायच्या. चारित्र्याची खात्री करून घ्यायच्या. त्यांनी शाळेच्याच घरात, वडीलधाऱ्या बाईच्या देखरेखीखाली राहायचं.

म्हणजे नर्सिंगचं शिक्षण आणि होस्टेलचं गेट ही दोन्ही एकाच वेळी जन्माला आली. गेट कुणी मागाहून आणून बसवलेलं नाही. ते अभ्यासक्रमाचाच भाग होतं. आणि ते तेव्हा कैद म्हणून आलेलं नव्हतं. आईबापांना दिलेला तो शब्द होता की तुमची मुलगी इथे सुरक्षित आहे.

आपल्याकडे हा शब्द देणं आणखी अवघड होतं. एडिथ पीची ही इंग्रज डॉक्टरीण १८८३ साली मुंबईला आली. १८८६ साली सुरू झालेल्या कामा हॉस्पिटलची ती प्रमुख होती आणि तिथे तिने नर्सेसना शिकवायला सुरुवात केली. पण शिकायला येणार कोण? बाळंतपणाचं काम आपल्याकडे सुईणीचं. घरोघरी तिच्यावाचून अडे, पण तिला मान नसे. तिचा हात बाळाला चाले, पाण्याच्या घागरीला चालत नसे. नर्सिंगला हा विटाळ चिकटलेला होताच. वर परक्या पुरुषाला हात लावायचा, रात्रपाळी करायची. चांगल्या घरची म्हणवणारी कुठली आई लेकीला धाडील? म्हणून पहिल्या पिढ्यांत दिसतात त्या मुख्यतः ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन मुली. आणि मग विधवा.

पुण्यात २ ऑक्टोबर १९०९ रोजी रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी सेवासदन सुरू केलं. रमाबाई स्वतः १९०१ पासून विधवा. त्यांच्या संस्थेने ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला बायका पाठवल्या. त्यांत वरच्या जातींतल्या हिंदू विधवाही होत्या. त्या काळच्या पुण्यात हे किती धाडसाचं असेल! रमाबाईंचं चातुर्य असं की त्यांनी जुन्या रीतीशी उघड भांडण मांडलं नाही. राहण्याजेवण्याची सोय, वडीलधाऱ्यांची देखरेख, आणि कामाला नाव 'सेवा'. या नावावर कोणाला बोट ठेवता येत नाही. बाईने सेवा करावी हे तर सगळ्यांनाच मान्य!

या शब्दाशी मी जरा थांबतो. पुण्याच्या १८९७च्या प्लेगात सावित्रीबाई फुल्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली, आणि त्यातच १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. ती खरी सेवा, तिचं मोल होणार नाही. पण सेवा हा शब्द शिक्षणाला आणि नोकरीला लागला की त्याची दुसरी बाजू दिसते. सेवेचा पगार मागायचा नसतो. सेवेचे तास मोजायचे नसतात. नर्सेसचे पगार, राहण्याच्या जागा, कामाचे तास हे सगळं किती वाईट आहे, हे भोर समितीलाही १९४६ साली लिहावं लागलं होतं. ज्या शब्दाने बाईला उंबरठा ओलांडू दिला, त्याच शब्दाने तिचं मोल स्वस्त ठेवलं. मला या सगळ्या इतिहासातली मुख्य गोष्ट हीच वाटते.

आता आमच्या डोंगरात येऊ. सहायक परिचारिका प्रसाविका, म्हणजे एएनएम, हा कोर्स देशात १९५१ साली पंजाबातल्या तरनतारनच्या मिशन हॉस्पिटलात सुरू झाला. खेड्यांतल्या उपकेंद्रांसाठी नर्सेस हव्या होत्या. डोंगराळ भागात साधारण ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र असा नियम आहे. १९७३ साली कर्तारसिंग समितीच्या शिफारशींनंतर तिथे दोन पदं झाली: आरोग्य सेविका आणि आरोग्य सेवक. दोघंही गावोगाव फिरणारे. पण बाळंतपण, कुटुंबनियोजन हे सेविकेकडे आलं, आणि ते अवेळी येत असल्यामुळे उपकेंद्राच्या खोलीत मुक्कामही तिनेच करायचा.

माझ्या लहानपणी आमच्या खोऱ्यात आलेली नर्सबाई मला आठवते. घाटावरच्या दुसऱ्या जिल्ह्यातून आलेली, एकटी. पावसाळ्यात ओढा भरला की पलीकडच्या वाडीतली माणसं तिला हाताला धरून उतरवत. बाळंतीण अडली तर झोळी करून रस्त्यापर्यंत आणत आणि ती झोळीच्या बाजूने चालत असे. त्याच गावात तिच्या खोलीवर कोण आलं, दिवा किती वाजेपर्यंत होता, याचीही मोजदाद होत असे. जिच्या हातात घरातली बाई निर्धास्तपणे सोपवायची, तिच्यावरच पाळत! तेव्हा मला यात काही विचित्र वाटलं नव्हतं. माझी आईसुद्धा त्या चर्चेत असे.

आमच्या भागातले पुरुष मात्र शंभर वर्षांपूर्वीपासून बाहेर पडत आलेत. डोंगरउताराची शेती, नाचणी आणि भात. काहींची जमीन भाटघर धरणात गेली. तरणा मुलगा मुंबईची वाट धरी, गिरणीत जाई, बाजारात ओझी वाही. कुठे झोपतोस, गेट किती वाजता लागतं, असं त्याला कोणी विचारत नसे. मुलीला मात्र बाहेर पडायच्या वाटा दोनच, लग्न नाहीतर मास्तरीण किंवा नर्स होणं. माझ्या वर्गातल्या ज्या मुली या डोंगरातून निघून स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या, त्यांतल्या बऱ्याचजणी नर्सिंगच्या वाटेने गेल्या. त्यांच्या बापांनी परवानगी दिली कारण तिथे गेट होतं. हे मला नाकारता येत नाही.

पण ते गेट नेमकं कशापासून राखत होतं? मुंबईच्या केईएम रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अरुणा शानबाग या तरुण नर्सवर रुग्णालयाच्या इमारतीतच तिथल्याच एका सफाई कामगाराने अत्याचार केला. ती ड्यूटी संपवून तळघरात कपडे बदलायला गेली होती. त्यानंतर ती कधी उठली नाही. १८ मे २०१५ रोजी तिचा मृत्यू झाला, तोवर एक्केचाळीस वर्षं त्याच रुग्णालयातल्या नर्सेसच्या पिढ्यांनी तिला सांभाळलं. तिला लहानपणी न पाहिलेल्या, तिच्यानंतर जन्मलेल्या मुलींनीसुद्धा. होस्टेलचा नियम मुलीने रात्री बाहेर जाऊ नये म्हणून होता. कामाच्या जागी कपडे बदलायला सुरक्षित खोली असावी, हा नियम करायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं.

लग्नाचंही तसंच. लष्करी नर्सिंग सेवेत १९७७चा एक नियम होता, लग्न केलं की नोकरी जाऊ शकते. सेलिना जॉन या अधिकाऱ्याला १९८८ साली लग्नानंतर असंच काढलं गेलं. तो नियम १९९५ साली मागे घेतला गेला, पण त्यांना न्याय मिळायला सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०२४ मधला निकाल यावा लागला. साठ लाख रुपये भरपाई मिळाली. मधली छत्तीस वर्षं गेली ती गेलीच.

आता मुलाकडे येतो, कारण त्याचा प्रश्न हसण्यावारी गेला होता. एएनएमचा दरवाजा त्याला बंद आहे, तो कोर्स फक्त मुलींचा. पुण्यातच वानवडीला सशस्त्र दलांचं नर्सिंग कॉलेज आहे, तिथेही फक्त मुली. जीएनएम आणि बीएस्सीला तो जाऊ शकतो. २०१९ साली 'एम्स'मध्ये नर्सिंगच्या जागांसाठी ८० टक्के बायका आणि २० टक्के पुरुष असं ठरलं. म्हणजे पास झाल्यावरही दार अर्धवटच उघडं.

माझा एक जुना विद्यार्थी असाच नर्सिंग करून आता एका दवाखान्यात आहे. शिकतानाचे दिवस तो सांगतो. प्रसूतीच्या वॉर्डात गेलं की नातेवाईक म्हणत, "ह्याला बाहेर काढा." शिकायचं तर सगळं, परीक्षा तर सारखीच, पण मुलींच्या मागे दाराशी उभं राहून. उलट अपघाताचा रोगी आला, कोणाला उचलायचं असलं, दारुडा आवरायचा असला की हाक, "ब्रदर, चला." आणि त्यानेच सांगितलेली दुसरी गोष्ट मला जास्त लागली. पहिल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्याने त्याला हात जोडून "डॉक्टरसाहेब" म्हटलं. शेजारी उभी असलेली मुलगी वर्गात पहिली येणारी, तिला तोच म्हातारा म्हणाला, "बाई, जरा पाणी द्या." तो म्हणाला, "सर, मला वॉर्डातून हाकललं त्याचं वाईट वाटलं. पण डॉक्टर म्हटलं तेव्हा मी गप्प बसलो, त्याचं जास्त वाटतं."

या बाबतीत अमेरिकेतला एक खटला फार बोलका आहे. मिसिसिपी राज्यात मुलींसाठीच असलेल्या एका सरकारी विद्यापीठाने जो होगन नावाच्या पुरुषाला नर्सिंगला प्रवेश नाकारला. १९८२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. निकाल लिहिला सँड्रा डे ओ'कॉनर यांनी, त्या न्यायालयाच्या पहिल्या स्त्री न्यायाधीश, आदल्याच वर्षी नेमलेल्या. त्यांचं म्हणणं असं की पुरुषांना बाहेर ठेवल्याने बायकांचं भलं होत नाही, नर्सिंग हे बायकांचंच काम ही समजूत पक्की होते. आणि पुरुषांना दूर ठेवल्यामुळे नर्सेसचे पगार दबले असावेत, या नर्सेसच्याच संघटनेतल्या मताचा उल्लेखही त्यांनी एका तळटीपेत केला. मुलाला वगळण्याची किंमत मुलगी मोजते, हे मला त्या तळटिपेने शिकवलं.

म्हणजे नानांचा प्रश्न आणि नानांचा विनोद या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. नर्सिंग हे बाईचं काम, म्हणून लेकीसाठी गेट. नर्सिंग हे बाईचं काम, म्हणून पुतण्याचं हसू.

इतकं सगळं कळत असून त्या दिवशी मी काय केलं ते सांगतो. फॉर्मची चर्चा संपत आली तेव्हा नानांनी विचारलं, "सर, पोरंबी असत्यात का तिथं वर्गात?" मी क्षणभर थांबलो. खरं उत्तर 'हो' असं एका शब्दाचं होतं. पण मला भीती वाटली. गेल्या काही वर्षांत दोन मुली एवढ्याच प्रश्नावरून घरी राहिलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि दोघींची लग्नं पुढच्या वैशाखात लागली. मी म्हणालो, "मुलीच जास्त असतात, नाना." धर्मराजासारखं अर्धं सत्य. बोलताना माझी नजर मुलाकडे गेली. त्याच्याच पुस्तकाला हात लावून, त्याच्याच समोर मी त्याला वर्गातून वगळत होतो.

नाइटिंगेलने आणि रमाबाईंनी जे केलं तेच मी माझ्या पातळीवर केलं असं म्हणून मनाची समजूत घालता येईल. दार उघडावं म्हणून भिंत दाखवायची. पण रमाबाईंचा काळ वेगळा होता. आज ते करताना मला तितकी सूट घेता येईल असं वाटत नाही.

ते वाक्य मुलीने पुरं केलं. ती शांतपणे म्हणाली, "नाना, पोरं असत्यात. ह्योच नसणार का माझ्या वर्गात?" आणि चुलतभावाकडे बोट दाखवलं. नाना काही वेळ बोलले नाहीत. मग टोपी नीट करत म्हणाले, "हां, ते बी खरंच." आणि पुतण्याला म्हणाले, "मग तुझं बी होस्टेल बघाया पायजे की."

त्याच्या होस्टेलचं गेट किती वाजता लागतं, हे त्यांनी विचारलं नाही. असो. दोघांचे जातीचे दाखले अजून यायचे आहेत, पुढच्या सोमवारी तहसीलला जायचं आहे.